आधी पकड, मग बाकीचं: देवगडात बसून कबड्डीचा गेम बनवताना

मी डावा कोपरा खेळायचे. शाळेत, मग कॉलेजात, आणि दिवाळीनंतर भात कापून झालं की मळ्यात फक्कीच्या रेषा मारून जे सामने भरतात, त्यांतही. चढाईला कुणी आत आली की साखळीच्या टोकाला उभं राहायचं, तिच्या पायांवरची नजर हलू द्यायची नाही आणि ती परत वळायच्या क्षणी घोटा धरायचा, हे डाव्या कोपऱ्याचं काम. गेल्या चार वर्षांत आम्ही चौघांनी मिळून कबड्डीचा एक व्हिडिओ गेम बनवला. मला आता गावाकडची मुलं-मुली विचारतात, ‘ताई, कुठून सुरू करू?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

२०२० च्या मार्चनंतर सामने बंद पडले. पुढच्या वर्षी १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. झाडावर राहिलेला हापूस खाली आला, विजेचे खांब आडवे झाले, आणि कितीतरी दिवस रात्री अंधारात पडवीत बसून गप्पा मारण्याशिवाय काही काम नव्हतं. लॉकडाउनमुळे मुंबईहून गावी आलेला माझा चुलतभाऊ त्या गप्पांत सारखा एका जुन्या क्रिकेट गेमचं सांगायचा. ईए कंपनीचा ‘क्रिकेट ०७’ हा गेम २००६ साली आला आणि त्या मालिकेचा पुढचा भाग कधी आलाच नाही. पण चाहत्यांनी नवे संघ, नवे पोशाख, नवी मैदानं स्वतः तयार करून त्यात बसवली आणि तो वर्षानुवर्षं जिवंत ठेवला. भाऊ त्यातले पोशाख रंगवायचा. मी म्हटलं, ‘मग आपल्या कबड्डीचं का नको?’

मोबाईलवर कबड्डीचे गेम तेव्हाही होते. मी ते खेळून पाहिले होते. त्यांत चढाईपटू धावत जायचा, कुणाला तरी हात लावायचा आणि परत यायचा. पकड म्हणजे एक बटण. कोपऱ्यात उभं राहून वाट पाहताना पोटात जो गोळा येतो, तो कुठेच नव्हता. मला तोच हवा होता.

नवीन मुलांना पहिली निवड इथेच करावी लागते. दुसऱ्याच्या गेममध्ये बदल करायचे की स्वतःचा उभा करायचा? बदल करणं ही शिकण्याची फार चांगली जागा आहे. भावाचा हात रंगात आणि मॉडेलमध्ये तिथेच बसला. पण ज्या खेळाचा चांगला गेमच नाही, त्यात बदल कशात करणार? शिवाय बदललेला गेम तुमच्या मालकीचा होत नाही, तो विकता येत नाही. स्वतःचा गेम बनवायला वेळ खूप लागतो, पण चुकतमाकत का होईना, तो सगळा तुमचा असतो. चाहत्यांनी असं केल्याची उदाहरणं जगभर आहेत. इंग्लंडमधल्या पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी घरी बसून ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ हा फुटबॉल संघ चालवण्याचा गेम लिहिला, तो १९९२ मध्ये आला. मार्कुस हाइन्सॉन हा जर्मन माणूस. त्याला अमेरिकेतल्या बेसबॉलचं वेड. त्याने १९९९ मध्ये आणलेली ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ ही मालिका आजही चालू आहे. जर्मनीत बसून बेसबॉलचा गेम होतो, तर देवगडात बसून कबड्डीचा का नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि त्याने खरंच बळ यायचं.

आमच्याकडे एक जुना लॅपटॉप होता, चार जीबी रॅमचा. त्यामुळे इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा करायचा ते, निवडणं सोपं झालं. गोडो हे इंजिन फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, डाउनलोड शंभर एमबीच्या आत होतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मन्झूर यांनी ते बनवलं आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा शिकायला सोपी आहे, पायथॉनसारखी दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने इंस्टॉलमागे शुल्क लावण्याची घोषणा केली आणि जगभरचे छोटे गेम बनवणारे हवालदिल झाले. वर्षभराने ते शुल्क मागे घेतलं गेलं, पण खुल्या साधनांवर असल्याचं समाधान मला त्या महिन्यात कळलं. मॉडेलसाठी ब्लेंडर, चित्रांसाठी क्रिता, आवाजासाठी ऑडॅसिटी. सगळं फुकट आणि सगळं शिकण्यासारखं.

क्लासबद्दल एक सांगून ठेवते. सुरुवातीला मी शहरातल्या एका खासगी क्लासला तीन महिन्यांची फी भरली होती. तिथे पहिला महिना सॉफ्टवेअरच्या खिडक्यांची नावं पाठ करण्यात गेला आणि तिसरा महिना झालाच नाही. फी परत मिळाली नाही. कुठेही पैसे भरण्याआधी तिथून शिकून गेलेल्या मुलांनी बनवलेला एक तरी चालणारा गेम मागा आणि स्वतः खेळून पाहा.

आता मुख्य गोष्ट. पहिले पाच महिने आमच्या गेममध्ये मैदानाला रंग नव्हता, प्रेक्षक नव्हते, माणसंसुद्धा नव्हती. करड्या रंगाच्या उभ्या गोळ्या होत्या, औषधाच्या कॅप्सूलसारख्या. सात एका बाजूला, एक दुसऱ्या. मैदान मात्र खरं: गोडोमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, म्हणून पुरुषांचं १३ बाय १० मीटरचं मैदान जसंच्या तसं आखलं. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा (चढाईत निदान तिथवर जावंच लागतं), तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा, दोन्ही बाजूंना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र. त्यावर आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहिलो, चढाई आणि पकड. पाहुणे आले की विचारायचे, ‘गेम खंय हा?’ भाऊ वैतागायचा. त्याला स्टेडियम बांधायचं होतं. मी ऐकलं नाही आणि अजूनही सांगते, ऐकू नका. गोळ्यांमध्ये जर पकड मनाला लागत नसेल, तर त्यांना माणसांची कातडी चढवूनही लागणार नाही.

आणि ती लागत नव्हतीच. मी कोड असा लिहिला होता: चढाईपटू अमुक अंतरावर आला आणि बटण दाबलं की पकड. खेळताना ते सोपं, कोरडं वाटायचं. मग आम्ही मळ्यात जाऊन दोन मोबाईलवर खऱ्या पकडी चित्रित केल्या आणि रात्री एकेक फ्रेम पुढे ढकलत पाहिल्या. चढाईपटूचा भार मागच्या पायावर जाण्यापासून ती वळेपर्यंत आमच्या चित्रणात सात ते दहा फ्रेम होत्या. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर पाव ते एक तृतीयांश सेकंद. कोपऱ्यातल्या मुलीला तेवढाच वेळ. त्याआधी हात घातला तर ती तुम्हाला शिवून जाते, नंतर घातला तर पाय निघून गेलेला असतो.

अंतर हा मुद्दाच नव्हता. भार कुठे आहे हा मुद्दा होता. मग मी प्रत्येक गोळीला भार नावाचा एक आकडा दिला, पुढच्या पायावर किती, मागच्यावर किती. पकडीचं यश तीन गोष्टींवर ठरू लागलं: त्या क्षणी भार कुठे आहे, मध्यरेषा किती लांब आहे आणि शेजारची खेळाडू किती जवळ आहे. एकटीने धरलेला घोटा गेममध्ये सेकंदभरही टिकत नाही. तेवढ्यात दुसरी आली नाही तर चढाईपटू फरपटत मध्यरेषेला बोट लावते आणि धरणाऱ्या सगळ्या बाद. तो बदल केल्यावर पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला. रात्रीचे दोन वाजले होते, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी भावाला उठवून खेळायला लावलं.

तरीही काहीतरी राहिलं होतं. ते आमच्या वाडीतल्या एका काकांनी दाखवलं. काका तरुणपणी जिल्ह्यात खेळलेले, आता बागेत कलमांची देखरेख करतात. ते मागे उभे राहून दहा मिनिटं बघत होते. मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या तीस सेकंदांच्या घड्याळाकडे बघून पकड टाकत होते. ते म्हणाले, ‘गो, घड्याळ कित्याक बघतंस? तेचो आवाज आयक. दम सरत इलो काय तो मागे फिरतलोच. तेच्या आदी तू एक पाऊल पुढे हो.’

मैदानात मी हेच करायचे. ‘कबड्डी कबड्डी’चा सूर बदलतो, दोन शब्दांमधली फट कमी होते, आवाज घशात जातो, आणि अंगाला आपोआप कळतं की आता ही वळणार. इतकी वर्षं कान हे काम करत होते आणि मला त्याची जाणीवच नव्हती. आम्ही घड्याळ पडद्यावरून काढून टाकलं. आमच्या गावच्या सामन्यांचे निवेदक आवाजाचं बघत होते. त्यांनी पाच मुलांचे आणि चार मुलींचे दम ध्वनिमुद्रित केले, गोधड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्या तोंडाशी बसवून, म्हणजे खोलीतला घुमारा येत नाही. प्रत्येकाचा पूर्ण तीस सेकंदांचा दम, धावून आल्यावरचा वेगळा, बसून घेतलेला वेगळा. आता गेममध्ये वेळ ऐकू येते. हेडफोन लावून खेळणारे जास्त पकडी घेतात, हे आम्ही नंतर चाचण्यांत पाहिलं.

खेळ तुम्ही खेळलेला असेल तर तुमच्याकडे असं काहीतरी नक्की आहे, जे पैसेवाल्या मोठ्या स्टुडिओला मैदानात उतरल्याशिवाय कळणार नाही. खो-खो असेल, टेनिस बॉलचं क्रिकेट असेल, होड्यांची शर्यत असेल. ते शोधायला वेळ द्या आणि ते सापडेपर्यंत मेन्यूचा रंग ठरवू नका.

नियम कोडमध्ये उतरवणं हा मला सगळ्यात आवडलेला भाग. प्रोग्रॅमिंगची पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं, ते कबड्डीने शिकवलं. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले, त्याच क्रमाने आत येतात. कॉलेजात रांग नावाची रचना शिकवतात, ती हीच. स्पर्शाचा किंवा पकडीचा प्रत्येक गुण एक खेळाडू परत आणतो, पण बोनसचा गुण कुणालाही परत आणत नाही. समोर सहा किंवा जास्त खेळाडू असतील तरच बोनस मिळतो. बोनसरेषा ओलांडताना मागचा पाय हवेत हवा. हे तपासायला आम्ही पावलांना छोटे अदृश्य गोळे चिकटवले आणि त्यांचं जमिनीपासूनचं अंतर सेकंदाला साठ वेळा मोजलं. लोण चढला, म्हणजे एका बाजूचे सगळे बाद झाले, की समोरच्यांना दोन गुण आणि बाद झालेले सगळे आत. बचावात तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड झाली तर एक गुण जास्त. हे सगळं कागदावर वाक्य-वाक्य लिहून काढा, मग कोड लिहा. माझ्या त्या वहीची अठ्ठावीस पानं भरली.

राखीव क्षेत्राने मात्र छळलं. झटापट सुरू झाल्यावरच ते मैदानाचा भाग होतं. स्पर्श न होता तिथे पाय पडला तर खेळाडू बाद. पण चढाईपटू स्पर्श न करता तिथे गेला आणि त्याच्यामागे पकडायला धावलेलेही तिथे गेले तर? आमच्या गेममध्ये कधी एका बाजूला गुण मिळायचा, कधी दुसऱ्या. मी ही चूक शोधत असतानाच ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगचौ आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातली पुरुषांची अंतिम लढत झाली. शेवटच्या मिनिटांत २८-२८ अशी बरोबरी, पवन सेहरावत स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला, त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटू गेले, आणि गुण कुणाला द्यायचे यावरून सामना जवळपास तासभर थांबला. जुना नियम लावायचा की नवा, हाच वाद. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. त्याच दिवशी आमच्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण घेतलं होतं, ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक. आम्ही सगळे शेजारच्या घरात टीव्हीसमोर होतो. मी घरी आले आणि गेममध्ये एक पर्याय टाकला: सामना सुरू करण्याआधी राखीव क्षेत्राचा कोणता नियम लावायचा ते खेळणाऱ्याने निवडावं. जिथे पंच तासभर अडतात, तिथे आपण गुपचूप एक बाजू घेऊ नये.

दोन शरीरांचं अ‍ॅनिमेशन हा सगळ्यात कठीण भाग आहे, हे आधीच मान्य करून टाका. क्रिकेटमध्ये खेळाडू एकमेकांना फारसे शिवत नाहीत. कबड्डीत सगळा खेळच शिवण्याचा. मिक्सामो या संकेतस्थळावर चालण्या-धावण्याच्या तयार हालचाली फुकट मिळतात; आम्ही धावणं आणि उभं राहणं तिथून घेतलं. पण घोटा धरणं, मांडी धरणं, साखळीने घेरणं हे भावाने आमच्या चित्रणावरून ब्लेंडरमध्ये हाताने केलं. एका पकडीला आठवडा. आजही आमच्या गेममध्ये अकराच पकडी आहेत. ज्या आहेत त्या नीट आहेत.

मराठीसाठी एक मोठा धडा. आम्ही सुरू केलं तेव्हा गोडोची तिसरी आवृत्ती होती आणि तिला देवनागरीची जोडणी जमत नव्हती. ‘विश्रांती’ हा शब्द पडद्यावर मोडून पडायचा: पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसायची, ‘श्र’ फुटायचा. आम्हाला सल्ला मिळाला की इंग्रजीत करा, कोण वाचतंय मराठी. मी तात्पुरता उपाय म्हणून प्रत्येक शब्दाचं चित्र बनवून लावलं, दोनशेच्या वर चित्रं झाली. मार्च २०२३ मध्ये गोडो ४.० आलं आणि त्यात देवनागरी बरोबर दिसू लागली. सगळा गेम नव्या आवृत्तीत नेण्यात दोन महिने गेले. तुम्हाला तो त्रास नाही. मुक्त आणि बलू हे ‘एक टाइप’ या संस्थेचे टंक (फॉन्ट) खुल्या परवान्याचे आहेत, मराठीसाठी सुंदर आहेत, ते वापरा. आणि शब्द खेळातले ठेवा. आमच्या गेममध्ये ‘रेड’ नाही, चढाई आहे.

काम जपून ठेवण्याबद्दल. २०२२ च्या जुलैमध्ये एका संध्याकाळी वीज तीनदा येऊन गेली आणि लॅपटॉपच्या डिस्कने मान टाकली. तीन आठवड्यांचं काम गेलं. त्या रात्री मी रडले. दुसऱ्या दिवसापासून गिट हे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद जपणारं साधन वापरायला लागले, जे पहिल्या दिवशी शिकायला हवं. आमच्या घरात रेंज येत नाही, ती सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर येते. म्हणून रोज संध्याकाळी लॅपटॉप पाठीवर टाकून सड्यावर जायचं, दिवसाचा कोड वर चढवायचा आणि सूर्य बुडाला की खाली उतरायचं. कोड म्हणजे साधा मजकूर, मिनिटाभरात जातो. ब्लेंडरच्या जड फाइली मात्र दोन पेनड्राइव्हवर, एक आमच्याकडे, एक भावाच्या घरी. पावसाळ्यात पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात. इथली दमट हवा यंत्राला खाते.

इथे राहून काम करायचं तर वर्षाचा आराखडा हंगामाप्रमाणे आखा. मार्च ते मे आमच्याकडे कुणालाच वेळ नसतो: आंबा उतरवणं, निवडणं, पेट्या भरणं, गाडीला माल चढवणं. त्या तीन महिन्यांत आम्ही काही नवं हाती घेत नाही, फक्त आलेल्या चुका वहीत लिहून ठेवतो. मोठं काम पावसात.

आणि चाचणी गणपतीत! हे आमचं भाग्यच. चाकरमानी गावी येतात, घरात वीस-पंचवीस माणसं, दहा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत. २०२३ च्या गणपतीत आम्ही पडवीत लॅपटॉप ठेवला, दोन कंट्रोलर जोडले आणि भजन संपल्यावर ज्याला हवं त्याने खेळावं असं सांगितलं. मी मागे वही घेऊन बसले. नियम एकच: बोलायचं नाही. कुणी अडलं तरी सांगायचं नाही. फार अवघड जातं ते, हात शिवशिवतात, पण तुमचा गेम लोकांच्या घरी जाईल तेव्हा तुम्ही सोबत नसणार. पहिल्या रात्रीत कळलं की निम्म्या लोकांना पकडीचं बटण दोनदा दाबायची सवय आहे, आणि दुसऱ्या दाबण्याने आमच्या गेममध्ये पकड सुटत होती. पाच दिवसांत सदतीस चुका मिळाल्या. एकाही चाहत्या मंडळाला इतकी प्रामाणिक माणसं एका छपराखाली मिळत नसतील.

हक्कांचं भान पहिल्यापासून ठेवा. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, तिचे संघ सगळ्यांना आवडतात, मुलं तेच मागतात. पण संघांची नावं, चिन्हं, खेळाडूंचे चेहरे हे त्यांचे आहेत, परवान्याशिवाय वापरायचे नाहीत. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’च्या पहिल्या भागातसुद्धा खेळाडूंची नावं काल्पनिक होती आणि लोकांनी तो आवडीने खेळला. आम्ही सोळा काल्पनिक संघ केले आणि सोबत संघ तयार करण्याची सोय दिली: नाव, रंग, सात अधिक पाच असे बारा खेळाडू, प्रत्येकाच्या आवडीची पकड. लोक आपल्या वाडीचा संघ बनवतात. मला कुणी पाठवलेल्या चित्रांत मी वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंतची गावं पाहिली आहेत. ‘एंट्री फी घेऊन स्पर्धा लावा’ असंही काहींनी सुचवलं. त्या वाटेला जाऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही ते केलं नसतं.

लोकांपर्यंत पोचवताना आम्ही गेम आधी इच.आयओ या छोट्या गेमांच्या संकेतस्थळावर फुकट ठेवला, ज्याला वाटेल त्याने पैसे द्यावेत असं. तिथे गेम ठेवायला काही लागत नाही. मग २०२४ च्या सुरुवातीला अँड्रॉइडवर. गूगल प्लेचं खातं एकदाच पंचवीस डॉलर भरून मिळतं, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी बंद चाचणी करावी लागते. तेव्हा वीस माणसं सलग चौदा दिवस हवी होती, आता बारा लागतात. आमची वीस माणसं वाडीतच निघाली. स्टीम या संगणकावरच्या गेमांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमला शंभर डॉलर आहेत आणि विक्रीतला तीस टक्के वाटा त्यांचा. तिथे आम्ही अजून गेलो नाही, कारण ऑनलाइन दोघांत खेळण्याची सोय झालेली नाही. पाव सेकंदाच्या पकडीत नेटचा उशीर मिसळला की काय होतं ते आम्ही करून पाहिलं. ती पकड राहत नाही. तोवर थांबणार. आजवर गेमने मायक्रोफोन, दोन कंट्रोलर आणि एका सेकंडहँड लॅपटॉपचा खर्च काढला. त्यावर घर चालत नाही, आणि पहिल्या गेमवर चालेल असं धरून कुणी नोकरी सोडू नये.

पोट भरलं ते दुसऱ्या बाजूने. मी साधी आयटीची पदवीधर. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओच्या मुलाखतीत मी आमचा गेम उघडून दिला. समोरच्या बाईंनी पंधरा मिनिटं खेळून विचारलं, ‘घड्याळ का नाही?’ मी काकांची गोष्ट सांगितली, भाराचा कोड दाखवला, राखीव क्षेत्राची वही दाखवली. पदवीबद्दल एकच प्रश्न आला. आता मी त्यांच्यासाठी देवगडातूनच काम करते, महिन्यातून एकदा पुण्याला जाते. ज्यांना रीतसर शिकायचं आहे त्यांच्यासाठी चांगल्या वाटा आहेत: अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात सीड ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, आणि २०२५ पासून मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आहे. तिथे जातानाही हातात स्वतःचा एक छोटा, पूर्ण झालेला गेम असू द्या. पाच मिनिटांचा चालेल. अर्धवट सोडलेला पाच तासांचा नको.

गेल्या पावसाळ्यात आम्ही महिलांचं मैदान गेममध्ये आणलं. मला ते पहिल्या दिवसापासून हवं होतं. १२ बाय ८ मीटर, चढाईच्या वाटा वेगळ्या, पकडीला जागा कमी. ते झाल्यावर मी शाळेतल्या कबड्डीच्या मुलींना खेळायला दिलं. नववीतली एक मुलगी, उजवा कोपरा खेळणारी, दोन चढाया झाल्यावर थांबली. पडद्याला बोट लावून पावलं मोजल्यासारखं करत म्हणाली, ‘ताई, ही रेषा चुकलीहा. आमच्या मैदानात ती हयसर असता.’ मी घरी येऊन कोड उघडला. मैदान लहान केलं होतं, पण निदानरेषेचा आकडा पुरुषांचाच राहिला होता, ३.७५. तिथे ३ हवे होते. मी तो बदलला, सड्यावर जाऊन वर चढवला, आणि परत येताना तिच्या घरी थांबून तिला गोडो कुठून उतरवायचं ते कागदावर लिहून दिलं.